परबडी : चबुतऱ्यावरच्या दाण्याआधीचं पाणी

सुरतेवर मराठीत काही लिहायचं म्हटलं की १६६४ आणि १६७० या दोन सालांखेरीज विषयच नसतो, असा एक समज आहे. या टिपणात त्यातलं काहीच नाही. हे टिपण पक्ष्यांना दाणापाणी घालण्याच्या रिवाजाबद्दल आहे, आणि त्यातल्या ‘पाणी’ या अर्ध्या भागाचं पुढे काय झालं याबद्दल.

आधी एका शब्दाचा घोटाळा सोडवून घेऊ. मराठीत चबुतरा म्हणजे चौथरा, ओटा. पुतळा बसवायला बांधतात तो. हिंदीतही तेच. गुजरातीत मात्र ‘चबूतरो’ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते : गावच्या चौकात एका खांबावर उभारलेली, छत्री असलेली, पक्ष्यांना चण घालायची जागा. ‘चण’ म्हणजे पाखरांचे दाणे. आपल्याकडे चिमणचारा म्हणतात तसं, पण चण हा रोजच्या व्यवहारातला शब्द आहे, लहान मुलांच्या गाण्यातला नाही. जळगाव-धुळ्याहून सुरतेला आलेला माणूस पहिल्यांदा चबूतरो पाहतो तेव्हा त्याला ते छोटं देऊळ वाटतं. वर मूर्ती दिसत नाही म्हणून तो गोंधळतो.

बांधकाम म्हणून हा प्रकार फार विचाराने केलेला आहे. खाली दगडी जोतं, त्यावर एकच खांब, साधारण दोन पुरुष उंचीचा. खांबाच्या डोक्यावर षटकोनी किंवा अष्टकोनी पाट, आणि तो खांबापेक्षा चहूबाजूंनी बराच बाहेर आलेला. त्याला खालून तिरके टेकू. पाटाला काठ, म्हणजे दाणे वाऱ्याने उडत नाहीत. वर छत्री, म्हणजे पावसात दाणे भिजत नाहीत. मांजर खांबावर चढलं तरी बाहेर आलेल्या पाटाच्या खालच्या अंगाला जाऊन अडकतं, सापाचंही तेच. चढायला बहुतेक ठिकाणी कायमचा जिना नसतो. चण घालणारा शिडी लावतो आणि काम झालं की शिडी घेऊन जातो. अहमदाबादच्या पोळांमधले लाकडी नक्षीचे चबूतरे पर्यटकांच्या फोटोंमुळे सर्वांना माहीत आहेत, पण कच्छ-सौराष्ट्रातल्या साध्या गावांतले दगड-चुन्याचे चबूतरेही त्याच हिशेबाने बांधलेले आहेत. विष्ठा पडते ती उघड्या चौकात, कुणाच्या खिडकीत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. इच्छापोरच्या आसपास गेल्या काही वर्षांत ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्यांपैकी एकीत ‘गॅलरीत व गच्चीवर पक्ष्यांना दाणे टाकू नयेत’ अशी नोटीस लागली. त्यावर दोन तट पडले. एक म्हणतो, ही हजार वर्षांची परंपरा आहे, ती तुम्ही बंद करणारे कोण? दुसरा म्हणतो, परंपरा राहू द्या, एसीच्या खाचेत कबुतरांची घरटी झालीत आणि घरात दम्याचा पेशंट आहे. मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, लोकांनी ती फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. आमच्या मंडळातल्या मंडळींना त्यात एक गोष्ट खटकत राहिली. दोन्ही बाजू परंपरा हा शब्द वापरत होत्या, पण ती नेमकी काय होती हे कुणी सांगत नव्हतं.

या भागातल्या रिवाजाचं मला सापडलेलं सर्वांत नेमकं जुनं वर्णन एका डच माणसाचं आहे, आणि तो माणूस बसला होता गोव्यात. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. पोर्तुगिजांच्या व्यापाराची बित्तंबातमी त्याने गोळा केली आणि १५९६ मध्ये हॉलंडात ग्रंथ छापला. त्यात गुजरातच्या वाण्यांवर, म्हणजे त्याच्या भाषेत ‘कंबायाच्या’ लोकांवर, एक प्रकरण आहे. तो सांगतो की त्या मुलखात हमरस्त्यांवर आणि रानांत पाण्याची भांडी ठेवायची आणि जमिनीवर धान्य टाकायचं, पशुपक्ष्यांसाठी, अशी चाल आहे. तिथे जनावरांची आणि पाखरांची इस्पितळंही आहेत. पोर्तुगीज मारायला निघालेले पक्षी हे लोक पैसे देऊन सोडवतात आणि उडवून देतात, हेही तो नोंदवतो.

लिन्सखोटेन स्वतः गुजरातेत राहिलेला नाही, तेव्हा यातला बराच भाग ऐकीव असणार. पण गोव्यात गुजराती वाण्यांची वस्ती होती आणि पक्षी सोडवण्याचा प्रकार त्याने तिथेच पाहिलेला दिसतो. भांड्यांबद्दल खोटं सांगण्यात त्याचा काही फायदाही नव्हता. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचं भांडं, मग धान्य. आणि जागा कोणती? रस्ता आणि रान. घराची गॅलरी नव्हे, देवळाचं अंगणही नव्हे. तहानेची जागा.

त्यानंतरचे प्रवासी पाण्याबद्दल बोलत नाहीत. त्यांना इस्पितळांनी वेड लावलं. पिएत्रो देला वाल्ले हा रोमचा गृहस्थ १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि तिथून खंबायतला गेला. तिथल्या पक्ष्यांच्या इस्पितळात लंगडे, आजारी, जोडीदार नसलेले पक्षी ठेवलेले त्याने पाहिले. बरे झाले की रानातले सोडून देत, पाळीव असतील ते कुणा भाविकाच्या घरी देत. तिथेच उंदराची काही पोरकी पिल्लं होती. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या त्या पिल्लांना पाखराच्या पिसाने दूध पाजत होता. युरोपातल्या कुठल्याही ग्रंथात मी एवढं प्रेमाने लिहिलेलं चित्र क्वचित वाचलं असेल, आणि देला वाल्ले ते थट्टा न करता लिहितो.

पुढच्यांनी थट्टा केली. १६८९ मध्ये सुरतेला आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन सांगतो की ढेकूण-पिसवांच्याही सोयीचं घर इथे आहे, आणि त्यांना रक्त मिळावं म्हणून एखाद्या गरिबाला मजुरी देऊन रात्रभर खाटेवर निजवतात. जेम्स फोर्ब्स अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या नोकरीत पश्चिम किनाऱ्यावर होता. त्याने सुरतेच्या पांजरापोळात घोडे, बैल, माकडं, कोंबड्या, कबुतरं, नाना पक्षी पाहिले आणि एक म्हातारं कासव पाहिलं, जे पंचाहत्तर वर्षं तिथे असल्याचं त्याला सांगण्यात आलं. अलेक्झांडर बर्न्सने १८२३ मध्ये तीच जागा पाहिली आणि त्यावर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण छापलं. त्याने किड्यांची खोली वर्णिली आहे : जमिनीपासून सुमारे आठ फूट उंचीवर फळ्यांची तक्तपोशी, आणि तिच्याखालच्या पोकळीत धान्य टाकलेलं, किड्यांनी ठासून भरलेलं. ही ‘जीवातखान्या’ची पद्धत इतर पांजरापोळांतही होती. लोकांच्या घरातल्या किडक्या धान्याचं काय करायचं, हा तिच्यामागचा साधा व्यवहार आहे. तो परदेशी पाहुण्यांच्या लक्षात आला नाही.

हा सगळा खटाटोप चालायचा कशावर? महाजनाच्या लाग्यावर. कापूस, धान्य, हुंडी अशा व्यवहारांवर व्यापारी मंडळी स्वतःच ठरवून बारीकसा कर लावत आणि तो पांजरापोळ, चण वगैरे कामांत जाई. मुंबईला हीच पद्धत गेली. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईत दंगल झाली. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेटियांनी तिथे पांजरापोळ काढलं. भुलेश्वरातल्या त्या वास्तूचा मजकूर आपल्या वाचकांना नवा नाही. म्हणजे पक्ष्यांना दाणे घालणं हे एखाद्याच्या मनात आलं आणि त्याने मूठभर भिरकावले असं नव्हतं. त्याला जागा, माणूस, मोजमाप आणि खात्यातली ओळ होती.

काही लेखक या परंपरेचं मूळ थेट अशोकात नेऊन ठेवतात. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेचा, औषधी वनस्पतींचा, वाटेवरच्या विहिरींचा आणि झाडांचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्यात पाखरांचं इस्पितळ नाही आणि चबुतराही नाही. मधली अठराशे वर्षं एका उडीत ओलांडणं मला पटत नाही.

त्यापेक्षा शब्दांचा माग काढलेला बरा. गुजरातीत चबूतऱ्याला दुसरा एक शब्द आहे, ‘परबडी’. चरोतर-सौराष्ट्राकडे तो ऐकू येतो. ‘परब’ म्हणजे पाणपोई, आणि परबडी म्हणजे लहान परब. ज्या वास्तूवर आज आपण फक्त दाणे पाहतो तिचं नाव ‘छोटी पाणपोई’ आहे! हे नाव उगाच पडलेलं नाही. परब हा शब्द संस्कृत ‘प्रपा’वरून आला, आणि आपल्या ‘पाणपोई’तली पोईही त्याच प्रपेची लेक आहे. म्हणजे गुजराती परबडी आणि मराठी पाणपोई सख्ख्या मावसबहिणी झाल्या.

प्रपेचा एक जुना उल्लेख आपल्या दोन्ही घरांना जोडणारा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. त्यात त्याच्या दानांची यादी येते. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि या नद्यांच्या दोन्ही काठांवर सभा आणि प्रपा, म्हणजे उतरायच्या जागा आणि पाणपोया, उभारल्या. तापीच्या दोन्ही काठांवर! इच्छापोर तापीच्या उजव्या काठाच्या बाजूला, मुखाजवळ आहे. ती पाणपोई नक्की कुठे होती ते लेख सांगत नाही, आणि ती माणसांसाठी होती, पाखरांचं नाव त्यात नाही. पण नदीकाठी पाणपोई कशाला, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने भरतीच्या वेळी आमच्याकडे येऊन तापीचं पाणी चाखून पाहावं. सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या खालची तापी भरती-ओहोटीची आहे. काठावर उभं राहून तहानेने व्याकूळ होण्याची ही जागा आहे. हजिरा पट्ट्यात विहिरींचं पाणीही अनेक ठिकाणी मचूळ लागतं.

मग पाणी गेलं कुठे? मला वाटतं ते नळाबरोबर गेलं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला दानशूर शेटियांनी रस्तोरस्ती प्याऊ बांधल्या. मशीद बंदराकडचं केशवजी नायक कारंजं १८७६ चं. काही प्याऊंना खालच्या अंगाला जनावरांसाठी कुंड असे. पुढे घरोघरी नळ आला, माणसांना प्याऊची गरज राहिली नाही, तोट्या सुकल्या. आणि आता दादरकडे पाहा. ज्या कबुतरखान्यावरून एवढं रण माजलं ती वास्तू १९३३ मध्ये पाण्याचं कारंजं म्हणून, एका गृहस्थाच्या स्मरणार्थ बांधलेली आहे. म्हणजे तीही मुळात परबच. पाणी मागे पडलं, दाणे वाढले, आणि नाव पडलं कबुतरखाना. त्या शब्दाची मौज अशी की तो ज्या फारसीतून आला तिथे त्याचा अर्थ दाणे टाकायची जागा असा नाही. इस्फहानच्या परिसरात सफवी काळापासूनचे कबुतरखान्यांचे बुरूज आहेत. त्यांत कबुतरं राहत आणि त्यांची विष्ठा टरबुजांच्या शेतात खत म्हणून जाई. इराणी शेतकरी ज्या वस्तूसाठी बुरूज बांधत होता, तिच्यासाठीच आम्ही आज नोटिसा लावतो.

दाणे टिकले आणि पाणी गेलं याचं दुसरं कारण माणसाच्या स्वभावात आहे. दाण्याचं पोतं विकत मिळतं, कुणाच्या तिथीला त्याच्या नावाने देता येतं, आणि टाकल्याबरोबर शेकडो पाखरं झेपावतात, फोटो येतो. पाणी नावाने देता येत नाही. भांडं रोज घासावं लागतं आणि दुपारी एक बुलबुल येऊन दोन घोट पिऊन जातो, तेवढंच. पितृपक्षातला आपला काकघास आणि गुजरात्यांचा कागवास दोन्हीकडे जोरात टिकले, कारण तिथे पितरांचा हिशेब आहे. खान्देशात मात्र आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. ऐन उन्हाळ्यातली पाण्याची तिथी आपल्याकडे आहे, हे आमच्या सोसायट्यांतल्या खान्देशी मंडळींना सांगावं लागत नाही.

आता हिशेब. एका कबुतराला दिवसाला अंदाजे तीस ग्रॅम दाणे पुरतात. दहा किलोचं पोतं म्हणजे तीनशेहून जास्त कबुतरांचं पोट. जुन्या गावात चौकातला चबूतरो एकच असे, घरं कौलारू आणि बुटकी. आजची अठरा मजली इमारत कबुतराला डोंगराच्या कड्यासारखी वाटते, कारण मुळात ते कड्याकपारीतलं पाखरू आहे. एसीची खाच ही त्याची कपार. तिथे दाण्याची हमी मिळाली की ते बारा महिने अंडी घालतं. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासात जाऊन फुप्फुसांना सूज येते, हे डॉक्टर सांगतात ते काल्पनिक नाही. म्हणून गॅलरीतल्या दाण्याविरुद्धची नोटीस परंपरेच्या विरुद्ध आहे असं मला वाटत नाही. गॅलरी हीच परंपरेत नव्हती.

चिमणीचं काय, असं लगेच विचारलं जातं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो आणि त्यामुळे लाकडी घरटी आणि दाण्याची भांडी घरोघरी पोचली, हे चांगलंच झालं. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये जो अहवाल निघाला त्यात चिमण्या एकूण देशात टिकून आहेत, मोठ्या शहरांत मात्र कमी झाल्या आहेत, असं दिसतं. पण चिमणी पिल्लांना किडे भरवते, ज्वारी नाही. कबुतरांच्या गर्दीत ज्वारीवर तिचा नंबरही लागत नाही.

पाण्याला हा प्रश्न येत नाही. दाण्यावर येतात ती कबुतरं, होले, चिमण्या, राघू, मुनिया आणि खार. बस्स. पाण्यावर यांच्यासकट बुलबुल, दयाळ, साळुंकी, सातभाई, शिंपी, कोकीळ, भारद्वाज, आणि अंघोळीला शिंजीर. इच्छापोरच्या बाजूला कारखाने, रस्ते आणि खारट नदी यांच्यामध्ये गोड पाण्याची डबकी उरली आहेत थोडी, आणि एप्रिलपासून तीही आटतात.

मी पाइपलाइनच्या कामात आयुष्य काढलं, त्यामुळे पाण्याचं माप सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुंभाराकडचं पसरट परळ घ्यावं, गुजरातीत कूंडुं म्हणतात ते. तीस सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याचं तोंड सुमारे सातशे चौरस सेंटिमीटर. उन्हात एक सेंटिमीटर पाणी उडालं तर सातशे मिलिलिटर गेलं, म्हणजे सकाळी भरलेलं चार सेंटिमीटर खोल परळ पाझर धरून संध्याकाळी बरंच खाली जातं. सावलीत ठेवलं तर कमी. मातीच्या भांड्यातून पाझरून उडणाऱ्या पाण्यानेच आतलं पाणी गार राहतं, म्हणून प्लॅस्टिकचं नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, शिंप्यासारख्या चिमुकल्या पाखराला पाय टेकायला. मांजर दबा धरून बसेल अशा कुंडीच्या झाडाशेजारी ठेवू नये. आणि दर दोन दिवसांनी पाणी ओतून काथ्याने आतून घासावं. डासाची अंडी ते डास हा प्रवास आठवडाभराचा आहे, त्याच्या आत पाणी बदललं की प्रश्न मिटला. शेवाळलेल्या, विष्ठा पडलेल्या भांड्यातून पाखरांना एकमेकांचे रोग लागतात, तेव्हा घासायचा कंटाळा असेल तर ठेवूच नये.

ज्या सोसायटीचा उल्लेख वर केला तिथे शेवटी ठरलं ते असं : दाणे बंद, कंपाउंडच्या भिंतीवर कडुनिंबाखाली चार परळं, आणि घासायची पाळी मजल्यांप्रमाणे. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, पाण्याने काय पोट भरतं? त्यांच्या आजोळच्या गावात चबूतरो आहे. तिथे पुन्हा जाल तेव्हा शिडी लावून वर चढा आणि पाटाच्या मधोमध किंवा खालच्या जोत्यावर दगडात कोरलेला पाण्याचा खळगा आहे का पाहा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. वाचकांपैकी कुणी कच्छ, सौराष्ट्र, चरोतर किंवा खान्देशाच्या सीमेवरच्या गावांतून जाणार असाल तर तुम्हीही पाहा. फोटो वरून घ्या, छत्रीचे नकोत, ते पुष्कळ आहेत. दात्याच्या नावाची पाटी असेल तर तिचा संवत आणि मजकूर जसाच्या तसा उतरवून आणा. त्यात ‘चबूतरो’ लिहिलं आहे की ‘परबडी’, ते विशेष पाहा.